तोजीबॉयच्या पाठीची तारीख

तोजीबॉयचा शेवट आगीनंच होणार, याबद्दल उझबेकिस्तानातल्या कोकंदच्या त्या मोहल्ल्यात कुणाचं दुमत नव्हतं. खुद्द तोजीबॉयचं तर मुळीच नव्हतं. त्याच्या वडिलांची एक भुवई तंदुरानं नेली होती, चुलत्याचा अर्धा कान नेला होता. तोजीबॉय पहाटेपासून दुपारपर्यंत उजव्या हाताला कोपरापर्यंत जाड कापडी बाही चढवून तंदुराच्या तोंडात कमरेपर्यंत शिरायचा, ओला नान आतल्या भिंतीवर थापटायचा आणि भिंतीचा विचार बदलायच्या आत बाहेर यायचा. मग पुढचा नान. असा तो अठ्ठावीस वर्षं आत जात होता आणि बाहेर येत होता. आत राहण्याची वेळ कधी तरी येईल, हे त्यानं मनाशी धरून ठेवलं होतं.

म्हणून शेजाऱ्याकडच्या सुंतेच्या जेवणात, पुलाव संपत आला असताना, बायकोच्या बहिणीचा मुलगा नोदिर शेजारी येऊन बसला, तेव्हा त्याला फार बोलावं लागलं नाही. नोदिर विमा विकायचा. मावशीच्या नवऱ्याला तो रीतीप्रमाणे ‘पोच्चा’ म्हणायचा आणि बाकीच्यांना ‘साहेब’. भाजणं, पडणं, मोडणं, तुटणं, जे काही अचानक होईल आणि माणसाला कामावरून उठवेल, त्याचे पैसे मिळतील असं त्यानं सांगितलं. मग तोजीबॉयच्या हाताकडे पाहिलं. त्या हातावर तरुणपणापासून केस नव्हते.

“पोच्चा, हा हात कंपनीनं पाहिला तर हप्ता वाढेल. आजच सही करा.”

तोजीबॉयनं सही केली. त्याची बायको मुकद्दस म्हणाली की एवढ्या पैशात पिठाची पोती आली असती. तो म्हणाला की भाजलेल्या माणसाला पोत्यांचा काय उपयोग. त्यानंतर तो निश्चिंत मनानं आगीची वाट पाहू लागला.

पण गेली पाठ.

आग लागली की माणूस ओरडतो, शेजारी बादल्या घेऊन धावतात, आणि पुढं दहा वर्षं लोक त्या दिवसावरून बाकीचे दिवस मोजतात. पाठीचं तसं काही नसतं. आधी तोजीबॉय मोजे बसून घालायला लागला. मग शिंक आली की भिंत धरायला लागला. मग एकदा पिठाचं पोतं मुकद्दसनं उचललं, आणि दोघांनीही ते पाहिलं नाही असं दाखवलं. त्याला वाटलं वारा लागला असेल. मेंढीच्या लोकरीचा पट्टा बांधला. हाडवैद्याकडून रगडून घेतलं. तीन दिवस बरं वाटलं, चौथ्या दिवशी तो तंदुरात शिरला आणि त्याला बाहेर काढायला मुकद्दसला त्याचा पट्टा धरून ओढावं लागलं. नान आतच करपले. घरात कमावती गोष्ट एकच होती, आणि ती ही पाठ. तिच्यावर दोघं जेवत होते, धाकटी मुलगी ताश्कंदला शिकत होती.

सरकारी दवाखान्यातल्या हाडांच्या डॉक्टरनं पाठीचा एक्स-रे उजेडात धरला, बराच वेळ पाहिला आणि असं बोलायला लागला की जणू तोजीबॉयनं त्याला काही विचारलं होतं. भाजलेला नानवाला मला वर्षातून एखादा दिसतो, तो म्हणाला. बाकी सगळे तुमच्यासारखे येतात. शिंपी माना घेऊन येतात, ट्रकवाले मणके, कापूस वेचणाऱ्या बायका मनगटं. त्यांच्या मागं हृदयवाले आणि साखरवाले. काही जण नुसते भिंतीकडे बघत बसतात, बायका त्यांना हाताला धरून आणतात, तोही आजारच आहे. आगीचं नाव उगाच बद्दू झालंय. माणसाला घरी बसवतं ते रोजचं काम.

“म्हणजे भाजलो असतो तर बरं झालं असतं?” तोजीबॉयनं विचारलं.

“पाठीला नाही,” डॉक्टर म्हणाला. “कागदाला.”

हे त्याला नोदिर घरी येईपर्यंत कळलं नाही, आणि नोदिर आल्यावर कळलं तेही अर्धंच. नोदिरला तारीख हवी होती. कुठल्या दिवशी, किती वाजता, काय करताना, कुणाच्या समोर. तोजीबॉयनं खरोखर आठवून पाहिलं. मोज्यांचा दिवस धरावा तर तेव्हा दुखत नव्हतं. शिंकेचा धरावा तर शिंका बऱ्याच झाल्या. लग्नाच्या आदल्या आठवड्यात उसण भरली होती तीही त्यानं प्रामाणिकपणे सांगितली. मुकद्दस म्हणाली की लग्नाचा आणि पाठीचा संबंध लावायचा असेल तर तिला आत्ताच सांगावं.

“पोच्चा, कंपनीला घटना लागते,” नोदिर कळवळून म्हणाला. “तुमच्याकडे घटनाच नाही.”

“पाठ मोडलीय, ही घटना नाही?”

“मोडली असती तर होती. झिजलीय.”

नोदिरनं सल्ला दिला की निदान अपंगत्व ठरवणाऱ्या सरकारी मंडळापुढं जाऊन या. तिथं अपंगत्वाचे तीन गट पाडतात, पहिला सगळ्यात वाईट; दुसरा मिळाला तरी महिन्याला काही येत राहील. तोजीबॉय ‘अपंग’ हा शब्द ऐकून अंगणाकडे पाहत राहिला. त्याचे दोन्ही पाय होते, दोन्ही हात होते, डोळे होते. मोहल्ल्यात अपंग म्हणून त्याला एकच माणूस माहीत होता, आणि तो लाकडाच्या पायावर बाजारात टरबुजं विकत फिरायचा, वजनाला चोख आणि तोंडाला वाईट. आपण त्याच्या पंक्तीत कसे बसतो हे त्याला समजेना. शिवाय तो उभा राहू शकत होता, चालू शकत होता, नमाज खुर्चीवर बसून का होईना पढत होता. फक्त ज्यावर पोट होतं तेवढंच करता येत नव्हतं. एवढ्याला काय म्हणतात?

मंडळाच्या दिवशी मुकद्दसनं जुना कोट काढून ठेवला आणि दाढी करू नका म्हणाली. आजारी दिसलात तर बिघडणार नाही. पण चार मोठ्या माणसांसमोर दाढी वाढवून जाणं तोजीबॉयला जमलं नाही. त्यानं दाढी केली, नवी काळी टोपी घातली, कानामागं अत्तर लावलं. मुकद्दसनं त्याला आपादमस्तक न्याहाळलं.

“अहो, मागणी घालायला निघालात का?”

मंडळात तीन डॉक्टर होते. मधोमध अध्यक्ष हुर्रियत ओपा, म्हणजे सगळ्यांच्या हुर्रियतताई, पन्नाशीच्या, डोक्याला रेशमी रुमाल. डावीकडे एक चष्मेवाला. उजवीकडे एक म्हातारे, डोळे मिटून ऐकणारे किंवा नुसतेच डोळे मिटलेले. सकाळपासून माणसं तपासत होते, त्यामुळे चहाची किटली, द्राक्षं आणि तोडलेला नान टेबलाच्या एका कडेला सरकवून ठेवलेला होता. तोजीबॉयनं छातीवर हात ठेवून तिघांना वेगवेगळा सलाम केला, प्रत्येकाच्या मुलाबाळांची खुशाली विचारली, आणि त्यांनीही त्याची विचारली. मग चष्मेवाल्यानं त्याची फाइल ओढली. फाइलबरोबर दुसऱ्या फायली सरकल्या, आणि त्यांच्या धक्क्यानं अर्धा नान जमिनीवर पडला. तोही पालथा, म्हणजे अन्नाचा दुप्पट अपमान.

तिघंही डॉक्टर खुर्चीतून अर्धे उठले. म्हाताऱ्यांनी डोळेसुद्धा उघडले. जमिनीवर पालथा पडलेला नान बघत बसेल असा माणूस त्या गावात जन्माला आलेला नव्हता. पण तोजीबॉय जवळ होता, आणि नान थापण्यात त्याचा जन्म गेला होता. तो वाकला. आपण वाकतोय हे त्याला वाकल्यावर कळलं. त्यानं नान उचलला, फुंकर मारली, ओठांना लावला, कपाळाला लावला. आता तो उंच जागी, कुणाचा पाय लागणार नाही असा ठेवायचा होता. कपाळ मात्र वर येईना.

त्यानं हात वर केला. तेवढा येत होता. कमरेत दुमडलेला तोजीबॉय नान डोक्यावर धरून उभा राहिला. हुर्रियत ओपांनी टेबलाला वळसा घातला, त्याच्या हातातला नान घेतला, स्वतःच्या कपाळाला लावला आणि खिडकीच्या वरच्या कठड्यावर नीट सुलटा ठेवला. मग सगळ्यांनी खाली पाहिलं.

“मी अजून इथंच आहे, ओपा,” तोजीबॉय फरशीला म्हणाला.

दोघांनी धरून त्याला बाकावर आडवं केलं. आडव्या तोजीबॉयच्या डोक्यावरून मग मंडळाचा वाद झाला, आणि तो त्यानं छताकडे बघत ऐकला. चष्मेवाल्याचं म्हणणं होतं की कागदावर ‘वाकता येत नाही’ लिहिलंय आणि माणूस तर वाकला, तिघांच्या डोळ्यांदेखत, पार जमिनीपर्यंत.

“उठला नाही, तेही त्याच डोळ्यांनी पाहिलंत ना?” हुर्रियत ओपा म्हणाल्या.

“उठण्याचा रकाना नाही.”

म्हाताऱ्यांनी विचारलं, नान पडला नसता तर वाकला असता का? हा प्रश्न सगळ्यांना बरोबर वाटला, म्हणून तो तोजीबॉयला विचारण्यात आला. बाबा, तुम्हाला एरवी वाकता येतं का? तोजीबॉयनं मनापासून विचार केला. रिकाम्या जमिनीकडे तो कधी वाकलाच नव्हता.

“एरवी कशाला वाकू?” तो म्हणाला.

चष्मेवाल्यानं हे उत्तर लिहून घेतलं. ते कुठल्या बाजूचं धरायचं हे कुणालाच ठरवता आलं नाही, आणि मधला मार्ग निघाला. तिसरा गट, एक वर्षापुरता. दुसऱ्या गटाला महिन्याचे पैसे होते. तोजीबॉयच्या तिसऱ्याबरोबर नुसता सल्ला आला: वाकणं, वजन आणि आच टाळून हलकं काम करावं. घरी येऊन त्यानं तो कागद दोनदा वाचला.

“माझ्या कामातून वाकणं, वजन आणि आच काढली,” तो मुकद्दसला म्हणाला, “तर मीठ उरतं.”

ही बातमी ऐकून नोदिर मात्र धावत आला. दार उघडायच्या आधीच बोलायला लागला होता. मंडळापुढं नक्की काय झालं ते त्यानं पुन्हा पुन्हा वदवून घेतलं, आणि दर वेळी त्याचा चेहरा उजळत गेला. अचानक झालं ना? अचानक. त्या आधी उभे होतात, नंतर उभं राहता आलं नाही. तारीख आहे, वेळ आहे, जागा सरकारी आहे.

“आणि साक्षीला तीन डॉक्टर, पोच्चा. असा अपघात माणसाला नशिबानं मिळतो.”

त्यानं बॅगेतून अर्ज काढला आणि चटाईवर बसून भराभर लिहायला घेतला. तोजीबॉयला बरं वाटायला लागलं होतं. मग नोदिर वाचत वाचत एका ओळीशी आला: इजेचं कारण. आणि त्यानं तिथं ‘नान’ लिहिलं.

“खोड ते,” तोजीबॉय म्हणाला.

“का?”

“नाननं मला काही केलेलं नाही.”

नोदिरनं समजावलं की हा आरोप नसतो, नुसती नोंद असते. तोजीबॉय म्हणाला, अठ्ठावीस वर्षं ज्यानं पोसलं त्याच्या विरुद्ध मी सही करणार नाही, नोंद म्हण नाही तर आणखी काही म्हण. मुकद्दसनं मध्ये तोड काढली, टेबल लिही, टेबलावरूनच पडला ना. नोदिर म्हणाला, टेबल लिहिलं की कंपनी टेबलाच्या मालकाला धरणार, म्हणजे हुर्रियत ओपांना. हे तोजीबॉयला त्याहून पटेना, बाईंनी त्याचा नान खिडकीत ठेवला होता. मग फरशी? फरशी सपाट होती. थोडा वेळ तिघंही चहा पीत राहिले.

“लिही, कारण: तोजीबॉय,” शेवटी तो म्हणाला. “मी वाकलो. कुणी सांगितलं नव्हतं.”

नोदिरनं पेन खाली ठेवलं. स्वतःहून करून घेतलेल्या इजेला कंपनी पैसे देत नाही, असं तो अगदी हळू म्हणाला. शिवाय ज्या पाठीची तपासणी चालू होती तीच पाठ जायबंदी झाली असं दाखवलं, तर कंपनी विचारणार की ती आधी चांगली होती का. तोजीबॉयनं विचारलं की सरकार म्हणतं पाठ पुरती गेली नाही आणि कंपनी म्हणते आधीच गेली होती, तर मग ती आहे कुठं? नोदिरनं बॅग बंद केली. तो अर्ज ठेवून गेला, विचार करा म्हणून.

मुकद्दसनं विचार केला नाही. तिनं डोक्यावर रुमाल घेतला आणि कालव्यापलीकडं याकूबजानच्या घरी गेली. रस्ता रुंद झाला तेव्हा याकूबजानचा तंदूर पाडला गेला होता, आणि पाठ शाबूत असलेला तो नानवाला तेव्हापासून लोकांच्या लग्नात भांडी मांजत होता. परत येऊन तिनं सांगितलं की उद्यापासून तो आपल्या तंदुरावर थापणार, अर्धं त्याचं, अर्धं आपलं. एक अट त्याची आहे. दारात बसून तुम्ही विकायचं. गिऱ्हाईक तंदूर बघून येत नाही, तुमचं तोंड बघून येतं, असं तो स्वतः म्हणाला.

तोजीबॉय म्हणाला, “याकूबचा नान म्हणजे उशी असते.”

“उशी खाऊन लोक जगतात,” मुकद्दस म्हणाली. “अर्ज खाऊन जगलेलं मी कुणी पाहिलं नाही.”

सकाळी तो दारात बाकावर बसला. पाठीशी दुलईची घडी, समोर पांढऱ्या कापडाखाली नान. मागून थापटण्याचे आवाज येत होते, आणि त्याच्या हातापेक्षा ते थोडे संथ होते. दर आवाजाला त्याचा उजवा खांदा किंचित पुढं जायचा. त्यानं शेवटी तो हात मांडीखाली घेतला.

पहिली आली सलोमत खोला, कोपऱ्यावरच्या घरातली म्हातारी, सगळ्या मोहल्ल्याची खोला म्हणजे मावशी. ती थबकली. तिनं त्याच्याकडे पाहिलं, आत तंदुराकडे पाहिलं, पुन्हा त्याच्याकडे पाहिलं.

“तोजीबॉय, आज बसून?”

“आजपासून, खोला.”

आणखी काही सांगावं का, हे त्याला कळेना. सांगायचं म्हटलं तरी सुरुवात कुठून करायची. सलोमत खोलानं कापड उचललं, एक नान हातात घेतला, मागची बाजू बोटानं वाजवली, नाकाशी धरला. तोजीबॉय तिच्या तोंडाकडे बघत राहिला. तिनं नान पिशवीत टाकला, जरा थांबली, आणि रोज दोन घेणाऱ्या तिनं आज तीन घेतले.