खाली पडलेला प्लग

धुळ्याच्या धावपट्टीवर माझी मुलगी पहिल्यांदा एकटीने विमान उडवणार होती, म्हणून आम्ही जळगावहून पहाटेच निघालो. पोचलो तर विमानाचे स्पार्क प्लग बदलणे चालू होते. वारा वाढायच्या आत ते आटोपले नाही तर आजचे उड्डाण रद्द, असे तिच्या शिक्षकांनी सांगितले.

साठीचे मेकॅनिक गुणगुणत काम करत होते. इलेक्ट्रॉनिक इग्निशनची ठिणगी जोरकस, म्हणून प्लगची फट थोडी मोठी लागते, असे सांगत ते पातळ पट्टी घालून प्रत्येक फट मोजत. शेवटचा, आठवा प्लग त्यांच्या हातून फरशीवर पडला. मी उचलून दिला.

"काही झालं नाही, नवाकोरा आहे."

त्यांनी तो सरळ कचऱ्यात टाकला. "खाले पडेल प्लग वर जात नही, भाऊ. आत तडा व्हई ते वर गयावरच समजी."

मी फळीवरचा दुसरा दाखवला.

"तो जुना इंजिनना शे, याले चालत नही," म्हणत ते कोठीत गेले. मी घड्याळ पाहू लागलो.

"पप्पा, त्यांना घाई लावू नका," मुलगी म्हणाली.

आतून आवाज आला, "पोर शहाणी शे, बापच उतावळा!"

योग्य प्लग आणून त्यांनी त्याचीही फट मोजली आणि पाना टक्क वाजेपर्यंत तो आवळला. वारा अजून बेताचाच होता. विमान उडाले. मी आभाळाकडे पाहत होतो. ते डोळे मिटून इंजिन ऐकत होते.

चाके अलगद टेकली.

"आते दम ल्या, भाऊ," ते म्हणाले, आणि माझ्याआधी त्यांनीच रोखलेला श्वास सोडला.