उभ्या विटेची भिंत

काकांना अर्धांगाचा झटका आला, आणि दवाखान्यातून ते परत आले तेव्हा त्यांच्याबरोबर एक लोखंडी कॉटही घरात आली. भांडुपच्या डोंगराला टेकलेली आमची खोली दहा बाय बाराची. कॉट लावल्यावर जमिनीचा एक पट्टा उरला. त्यात तांदळाचा डबा, माझी ट्रंक, अंथरुणाच्या वळकट्या आणि काकी. मी पहिल्या दोन रात्री उंबऱ्याबाहेर पाय काढून झोपलो.

हे काका माझे सख्खे नव्हेत, गाववाले. मी आठवीत शाळा सोडली, दीड वर्ष गावच्या सुताराकडे रंधा मारला आणि मग एका चिठ्ठीवर पत्ता घेऊन यांच्या दारात येऊन उभा राहिलो. काका म्हणाले, रहा चार दिवस. त्या चार दिवसांची अकरा वर्षं झाली. या अकरा वर्षांत मला कोणी जा म्हटलं नाही. पण कॉट आल्यापासून मला वाटायला लागलं की आता म्हणतील. काकीने भांडं जरा जोरात ठेवलं की मी माझी ट्रंक आणखी कोपऱ्यात सरकवायचो. ती म्हणायच्या आधी आपणच जागा करून द्यावी, म्हणजे विषय निघणार नाही, असा माझा हिशोब.

म्हणून फळी. मी पॅकिंगच्या कारखान्यात हेल्पर आहे. तिथे मशीन ज्या खोक्यांतून येतं त्यांच्या फळ्या सुपरवायझरने घेऊन जा म्हटलं. वर एक पक्की फळी, तिच्यावर ट्रंक आणि वळकट्या. खाली बिजागऱ्यांवर दुसरी, काकांना भरवताना आडवी करायची, एरवी भिंतीला चिकटून लोंबत राहील. सगळं सामान भिंतीवर गेलं की खाली माणूसभर जागा निघते. माझ्या मापाचा माणूस.

रविवारी काकी औषधं आणायला गेली आणि मी कामाला लागलो. ट्रंक रिकामी केली, कपडे पिशवीत भरून दाराशी ठेवले. कारखान्यातून ड्रिल मशीन मागून आणलं होतं. शेजारच्या खोलीकडची भिंत निवडली, कारण ती कोरडी आणि सरळ, वर रंगही चांगला.

काका उजव्या कुशीवरून बघत होते. त्यांची वाचा गेली आहे, उजवा हातही. राहिला तो डावा हात. तो त्यांनी उचलला आणि हवेत बाजूला सारला. मी विचारलं, पाणी हवं? त्यांनी डोळे मिटले. परत हात उचलला, परत तसाच सारला, कुणाला ऊठ, हो बाजूला म्हणावं तसा. मग कॉटच्या दांड्यावर बोटांची हाडं आपटली.

मला काय कळायचं ते कळलं. तोंडाने म्हणता येत नाही म्हणून हाताने म्हणतायत, असं वाटलं.  पण मी तोंड भिंतीकडे केलं आणि मशीन चालू केलं. बघितलं नाही की त्यांनी ते म्हटलंच नाही, असं काहीतरी मनात होतं.

गावाकडे चिऱ्याची भिंत असते, हातभर जाड. तिच्यात खुंटी ठोकली की पोरं लोंबकळली तरी हलत नाही. मला भिंत म्हणजे तेवढीच माहीत. जोर लावला, ड्रिलचं टोक एकदम आरपार गेलं आणि मी मुठीसकट भिंतीवर आदळलो. पलीकडे डबा पडल्याचा आवाज झाला.

शेजारीण हातात परात घेऊनच आली. परातीत पीठ, पिठात लाल चुरा.

"काय रे, तुझी भिंत माझ्या पिठात आली. आता विटेच्या चपात्या खाऊ घालू का घरच्यांना?"

मी सॉरी सॉरी करत राहिलो. तिने भोक बघितलं आणि सवयीने कॉटकडे वळली.

"काका, तुम्ही तरी सांगायचं ना याला. तुम्ही आणि आमच्या सासऱ्यांनीच घातली ना ही, जागा वाचावी म्हणून वीट उभी ठेवून, चार बोटं जाडीची?"

बोलून गेल्यावर तिच्या लक्षात आलं. तिने परात खाली ठेवली, पदराने उगाचच हात पुसले. काकांचा हात छातीवर पडला होता. डोळ्यांच्या कडेने पाणी उशीवर चाललं होतं, आणि ते पुसायचा हात तोच एक, तो त्यांनी उचलला नाही.

मी समोरच्या भिंतीपाशी गेलो. डोंगराकडची, दगडाची, ओल धरणारी. तिच्यावर तळवा ठेवून, इथे का, असं मागे काकांकडे बघितलं. दांड्यावर दोनदा टक टक झालं.

तिथे फळी लागली. भोकात शेजारणीने पलीकडून कागद कोंबला, मी इकडून सिमेंट. ती पीठ चाळायला गेली आणि काकी आली. तिने फळी बघितली, रिकामी ट्रंक बघितली. दाराशी भरलेली पिशवी बघून ती औषधांसकट खाली बसली. घाबरली की काकी मालवणीत बोलते.

"जातलंस तर आधी सांग हां. ह्यांका कुशीर वळवूक माका एकटीक जमणा नाय."

मी म्हटलं, नाही गं काकी, ट्रंक वर चढवायची म्हणून कपडे काढले. तिने मान हलवली, पण पिशवीवरची नजर काढली नाही. मीच ती उघडून कपडे तिच्यासमोर एकेक करून ट्रंकेत परत ठेवले. इतके दिवस मी तिच्या तोंडाकडे बघत होतो, आणि ती माझ्या. मला हलकं वाटायला हवं होतं. वाटलं ते एवढंच, की या खोलीत कुणाच्याच हातात काही नाही.

आता दर दोन तासांनी आम्ही दोघं मिळून काकांची कूस बदलतो. मी कामावर असलो की शेजारीण येते. फळी एका बाजूला करंगळीभर कलली आहे आणि लाकडाला ओलीचा वास लागलाय. कधीकधी काकांचा हात फळीकडे जातो. मी उठतो, विचारतो, ही बाजू वर घेऊ? की ती? मशीन परत आणू? ते माझ्याकडे बघत राहतात, मग डोळे मिटतात. फळीबद्दल सांगायचंय की आणखी कशाबद्दल, मला कळत नाही. मी परत ट्रंकेखाली जाऊन पडतो. तिथे आता पाय सरळ होतात.