थुंकायचा धडा

द्राक्षमळ्यांच्या एक दिवसाच्या सहलीत गाईडबाईंचा पहिला धडा थुंकण्याचा असे. बस पहिल्या वायनरीपाशी थांबली, की नटूनथटून आलेल्या पाहुण्यांना त्या सांगत, "घोट घ्या, तोंडात फिरवा आणि या बादलीत थुंका. लाजू नका. अजून तीन ठिकाणं बाकी आहेत, सगळं गिळलंत तर शेवटी मला तुम्हाला उचलून न्यावं लागेल." मग त्या स्वतः करून दाखवत. नेमकी, बारीक धार. पाहुणे टाळ्या वाजवत. दुसऱ्या ठिकाणी निम्मे लोक धडा विसरत आणि चौथ्यापर्यंत सगळेच. बाईंना त्याचं काही वाटत नसे. मोठी माणसं, आपापली जबाबदार.

स्वतः बाईंनी मात्र इतक्या वर्षांत एक थेंब पोटात जाऊ दिला नव्हता. नवरा दारूपायी गेलेला. डोळ्यांदेखत संसाराची धूळधाण झाली, आणि नंतर पोटासाठी काम मिळालं तेही दारूचं कौतुक करण्याचंच! नातेवाइकांनी नावं ठेवायची संधी सोडली नाही. "तो गिळायचा, मी थुंकते," बाई ठणकावून सांगत, "एवढ्याच फरकावर माझं घर उभं आहे."

त्याच भरवशावर त्यांनी लेकीसाठी शब्द टाकला. लेकीला सगळे ठमी म्हणत. तिचं कुठे बस्तान बसत नव्हतं, एक नोकरी धड टिकत नव्हती. चौथ्या वायनरीच्या मालकाने बाईंच्या भिडेखातर तिला काउंटरवर घेतलं. पाहुण्यांना वाईन ओतून द्यायची, त्यांच्याबरोबर चव घ्यायची, थुंकायचं आणि माहिती सांगायची. थुंकायला आईनेच शिकवलं होतं, घरी बेसिनपाशी उभं राहून, साध्या पाण्याने. हसून हसून दोघींची पुरेवाट झाली होती.

त्या शनिवारी चौथ्या ठिकाणी पाहुणे बाहेर वेलींपाशी फोटो काढत रेंगाळले, म्हणून बाई एकट्याच पुढे आत शिरल्या. काउंटरवर दुसऱ्याच कुणाची तरी टोळी होती. ठमी रंगात येऊन बोलत होती. तिने घोट घेतला, बादलीवर वाकली, रुमालाने ओठ टिपले. सगळं हुबेहूब आईसारखं. फक्त बादलीत आवाज झाला नाही, आणि तिच्या गळ्याशी काहीतरी हललं.

ती हालचाल बाईंनी झोपेतसुद्धा ओळखली असती. "बघ, चूळ भरून टाकली," असं म्हणणाऱ्या नवऱ्याच्या गळ्यात त्यांनी ती शेकडो वेळा पाहिली होती. आपल्याला भास झाला असेल, अशी स्वतःची समजूत घालत त्या खांबाआड थांबल्या. ठमीने पुढची बाटली उघडली. पुन्हा तेच.

बाई तडक मालकाच्या खोलीत गेल्या.

"ठमीला काउंटरवरून काढा. लेबलं चिकटवायला बसवा, फरशी पुसायला लावा, काहीही करा. ती गिळतेय."

मालक माणूस काही वाईट नव्हता. त्याने बाईंना खुर्ची दिली, पाणी दिलं. "माहीत आहे मला," तो म्हणाला. "पण चार घोट पोटात गेले की ती खुलते. लोकांना आवडतं, बाटल्या खपतात. तुम्हीसुद्धा लोक त्यासाठीच आणता ना, बाई?"

इतकी वर्षं बाई बस भरभरून माणसं इथे आणून सोडत होत्या, आणि त्यातला प्रत्येक जण कुणाचं तरी लेकरू होता. हे आज कळावं याची त्यांना स्वतःचीच चीड आली. पाणी न पिताच त्या उठल्या आणि बाहेर बसपाशी गेल्या.

"काका, पाहुण्यांना इथून तुम्हीच परत घेऊन जा," त्यांनी ड्रायव्हरला सांगितलं.

"अहो, आणि तुम्ही?"

"मी आज थांबतेय."

काउंटरपाशी तेवढ्यात जरा सामसूम झाली होती. बाई पाहुण्यांच्या उंच स्टुलावर जाऊन बसल्या.

"तुझे लोक कुठेत?" ठमीने विचारलं.

"पाठवले. तुझी सुटी होईपर्यंत बसते."

ठमीचा चेहरा उतरला. "पाहिलंस तू."

"हो."

आता ही उसळेल, तू नाही का रोज लोकांना पाजायला आणत, असं तोंडावर फेकेल, म्हणून बाई अंग आवळून बसल्या. ठमी उसळली नाही. ती फडक्याने एकच जागा पुन्हा पुन्हा पुसत राहिली.

"रोज सकाळी ठरवून येते गं आई, आज थुंकायचं. वाकतेसुद्धा. पण तोंडच उघडत नाही."

तेवढ्यात नवी टोळी हसत-खिदळत येऊन उभी राहिली आणि कुणीतरी ग्लास पुढे केला. ठमीचा हात सवयीने बाटलीकडे गेला. बाई उठून काउंटरच्या आत गेल्या, लेकीच्या हातातली बाटली काढून घेतली आणि मागून तिच्या ॲप्रनची गाठ सोडली.

"माफ करा," त्या पाहुण्यांना म्हणाल्या, "इथे आज काही मिळणार नाही."