आईच्या वाचनाची काळी पट्टी

मी मोबाईलच्या ॲपचे पडदे आखतो. ॲपला काही महत्त्वाचं विचारायचं असलं की प्रश्नाची चौकट उजळ राहते आणि मागचं सगळं काळवंडतं. पार काळं नाही, धूसर दिसत राहतं. ही युक्ती आली कुठून? फोटोवाले उजेडाच्या पेटीवर फिल्म ठेवून बघायचे, त्यावरून, असं आमच्या धंद्यातले जाणकार सांगतात. सांगोत बापडे. मी ती बेलापुरात, आईकडून शिकलो.

आई चर्चमध्ये बायबलमधला शास्त्रपाठ वाचायची. तिच्यासारखं वाचन गावात कुणाचं नाही, असं लोक म्हणत आणि तिला ते पुरतं ठाऊक होतं. मग नजर अधू झाली. अक्षरं एकमेकांत मिसळू लागली, ओळी सुटू लागल्या. डोळ्यांच्या डॉक्टरांनी सुचवलं म्हणून तिनं काळ्या पुठ्ठ्याला एका ओळीएवढी फट पाडली. पुठ्ठा पानावर ठेवायचा आणि ओळीओळीनं खाली सरकवायचा. घरी झकास जमलं.

रविवारी ती उभी राहिली आणि वाचतच सुटली. नेमून दिलेला उतारा संपला, पुढचा सुरू झाला, तोही संपत आला. उताऱ्याच्या शेवटी मारलेली जाड रेघ पुठ्ठ्याखाली झाकली गेलेली, आणि मधेच थांबून कुणाला विचारणं तिच्या स्वभावात नाही. बाकांवर खसखस पिकली. अखेर पाळकसाहेबांनीच हळूच "आमेन" म्हटलं.

"दुसऱ्या कुनाला द्या म्हनावं आता. माझं झालं," ती घरी येऊन म्हणाली. मला बाकांवरच्या लोकांचा राग आला, त्याहून त्या पुठ्ठ्याचा. वाचन सुटलं तर ही घराबाहेरच पडणार नाही, याची मला भीती वाटत होती.

दोन दिवस ती पुठ्ठा उलटसुलट करून बघत होती. मग म्हणाली, "समदंच झाकलं की मानूस हरवतं. मागचं जरा दिसाया पायजे." तिनं कपाटातून वडिलांच्या छातीचा एक्स-रे काढला. वडील जाऊन वर्ष होत आलं होतं.

"अगं, तो कशाला?" मी ओरडलोच.

"पडून काय करतोय तिथं?" म्हणत तिनं कात्री चालवली.

पुढच्या रविवारी मी पहिल्या बाकावर, ती वाचायला उभी राहते तिथलं पान दिसेल इतका जवळ बसलो. फटीतली ओळ लख्ख होती. बाकीचं पान वडिलांच्या बरगड्यांमागून धुरकट दिसत होतं, उताऱ्याखालच्या त्या जाड रेघेसकट. त्या रेघेपाशी आई बरोबर थांबली. मला रडू आवरेना.

ती शेजारी येऊन बसली, फिल्म मांडीवर ठेवली आणि माझ्या कानात म्हणाली, "ह्यांनी कधी अख्खी उपासना बसून काढली न्हवती. आज बसले बघ."