वर्तुळ आणि दारातले अप्पा

मंडळी, आज भवानी पेठेत एका वर्तुळानं मला रडवलं.

मी काढलेल्या गोल-त्रिकोणांच्या चित्राचं नरसय्यामामांनी वॉल हँगिंग विणलंय. माझे वडील, अप्पा, गेल्यापासून आमच्या जुन्या घरातला माग तेच चालवतात. जवळून पाहिलं तर वर्तुळाच्या कडेला नुसत्या पायऱ्या!

"मामा, गोल बिघडला की!"

मामा हसले. "धागा उभा-आडवाच जातो, पोरी. दारात जाऊन बघ. तुझे अप्पा तितूनच बघायचे."

उंबऱ्यावरून वर्तुळ अगदी गरगरीत गोल दिसलं.

मी शाळेत असताना अप्पा रोज सकाळी दार अडवून मागाकडे बघत उभे असायचे. दप्तर सावरत मी ओरडायची, "सरका की हो!"

आज त्याच दारात मी कितीतरी वेळ उभी होते. सरक म्हणणारं कुणीच नव्हतं.