गरम पाणी उजवीकडे

आमचं शेवटचं बोलणं झालं ते बाथरूममधल्या नळाबद्दल. हॉस्पिटलच्या खाटेवरून सुजाता म्हणाली, "अहो, तो ठिबकतोय. मी घरी आले की बदलते." ती आली नाही. दीड महिना झाला... मला अजून तिचा राग येतो, कारण बोललेलं मोडणारी बायको ती नव्हती.

आम्ही कात्रजला फ्लॅट घेतला तेव्हा आयटीमुळे जिकडेतिकडे इमारती उठत होत्या आणि प्लंबर मंत्र्यासारखा तारखा देत असे. वाट पाहून कंटाळलेली सुजाता मला घेऊन बुधवार पेठेत गेली. दुकानदार तिला म्हणाला, "बाई, साहेबांना बोलू द्या." "साहेबांना बल्ब बदलता येत नाही. तुम्ही नळ दाखवा." साहेब शेजारीच उभे होते.

घरी येऊन तिने कॉक बंद केले आणि दोन नवे पाइप घेऊन ती बेसिनखाली उताणी शिरली. झोपून वर बघताना डावं-उजवं फिरलं. गार डावीकडे, गरम उजवीकडे. गळती मात्र थेंबाची नाही. मी हसलो. तिने हात पुसले आणि आरशाखाली पाटी लावली : 'गरम पाणी उजवीकडे. सवय करावी.' पाहुण्यांनी केली. माझ्या थोरल्या भावानेही केली, कुरकुरत.

सुजाताच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला आणि आमचा मुलगा रोहन म्हणाला, "बाबा, खराडीला आमच्याकडे चला. हा फ्लॅट रेंटवर देऊ. तो नळ प्लंबरकडून सरळ करून घेतो, टेनंटला असलं उलटं चालणार नाही." पोराचं मन चांगलं आहे, म्हणून मी शांतपणे नाही म्हटलं. एकटे कसे राहाल, नळ गळला तरी माणूस शोधावा लागेल, असं तो म्हणत राहिला.

गेल्या रविवारी मी नवा नळ आणला, तिचा पाना घेतला आणि बेसिनखाली शिरलो. गुडघे बोंबलले. पहिल्यांदा पाणी थेट तोंडावर आलं. आट्यांवरची टेप सोडून पुन्हा गुंडाळली, पाइप पुन्हा आवळले. ठिबकणं थांबलं. तिथे पडूनच मी थोडा रडलो, मग उठलो.

संध्याकाळी रोहन आला. नवा नळ बघून त्याने डावीकडची मूठ फिरवली, पाण्याखाली हात धरला आणि थांबला.

"बाबा, परत उलटंच लावलंत."

"चुकून नाही," मी म्हटलं. "आणि पाटी अजून तिथेच आहे. भाडेकरू शोधू नकोस."