झेंडूच्या हारातलं काडतूस

दसऱ्याच्या तोंडावर बाजारात झेंडूचे ढीग लागले की ते प्रकरण मला हमखास आठवतं. तेव्हा माझी नेमणूक बदलापूर पोलीस ठाण्यात होती. ज्यांच्यावर गुन्हा दाखल केला त्यांचं नाव सांगत नाही. माणूस भला होता, आजही आहे.

हे गृहस्थ मांजर्लीत तळमजल्यावर राहायचे. आनंदनगरच्या एका कारखान्यात सगळी नोकरी टूलरूममध्ये फिटर म्हणून काढून नुकतेच निवृत्त झाले होते. वडिलांच्या मागे शेती संरक्षणाचा बंदुकीचा परवाना त्यांच्या नावावर झाला होता. गावाकडच्या भातात रानडुकरं शिरली की हवेत बार काढायचा, एवढाच त्या बंदुकीचा उपयोग. निवडणूक लागली की परवानाधारकांना शस्त्र ठाण्यात जमा करावं लागतं. बाकीचे नोटीस गेल्यावर कुरकुरत यायचे. हे सगळ्यांच्या आधी, बंदूक पुसूनबिसून, तेल देऊन. परत नेताना नळी उजेडाकडे धरून आत बघायचे आणि आमच्या हवालदाराला सुनवायचे, "वापरत नाही ते ठीक, पण पुसायला काय होतं?" हवालदार त्यांना लांबून बघूनच चहा प्यायला सटकायचा.

खंडेनवमीच्या दुपारी एका खबऱ्याने माझ्या मोबाईलवर फोटो पाठवला. ह्याच गृहस्थांचं व्हॉट्सॲप स्टेटस होतं. पाटावर बंदूक, पाने, कानस, हातोडी आणि मधोमध झेंडूच्या हारात दांडा असलेलं एक लोखंडी यंत्र. त्याच्यापुढे हळदकुंकू लावलेलं एक काडतूस. खबऱ्याला काडतूस दिसलं होतं, मला यंत्र दिसलं. रिकामी काडतुसं पुन्हा भरण्याचं ते यंत्र मी एका रायफल क्लबात पाहिलं होतं. त्या दिवसांत उल्हासनगर-अंबरनाथ पट्ट्यात गावठी कट्टे सापडत होते आणि गोळ्या येतात कुठून, हा प्रश्न वरून रोज विचारला जात होता.

आम्ही दारात उभे राहिलो, तर गृहस्थांना वाटलं पूजेला आलो. "या साहेब, आरती व्हायचीच आहे," म्हणाले. प्रसादाला आलेले शेजारीच पंच झाले आणि देवासमोर पंचनामा लिहिला गेला. यंत्र पोत्यात घालायच्या आधी त्यांच्या पत्नीने त्यावरचा हार उतरवून घेतला. मला त्या घरातून कधी एकदा बाहेर पडतो असं झालं होतं.

ठाण्यात त्यांनी सगळं सरळ सांगितलं. पुराचं पाणी घरात शिरलं तेव्हा कपाटातली काडतुसं भिजली. फेकून द्यायचं त्यांच्या जिवावर आलं. मग यंत्र मिळवलं, साफ केलं, भिजलेल्यांतलं एक काडतूस उघडून, वाळवून पुन्हा बंद केलं. ते चालेल की नाही, हेही त्यांना ठाऊक नव्हतं. मी म्हणालो, तुमचा परवाना बंदूक बाळगण्याचा आहे, काडतूस बनवण्याचा नाही.

"बनवलं कुठे साहेब? माझंच होतं, मी उघडलं, मीच बंद केलं. ह्याला आमच्यात रिपेरिंग म्हणतात."

ते वाद घालत नव्हते, त्यांना खरोखरच तसं वाटत होतं. आयुष्यभर ज्यांनी बिघडलेलं सुटं करून जोडलं, त्यांना निर्मिती म्हणजे कोऱ्या लोखंडापासून केलेलं काम. चोरून करायचं काम असतं तर त्यांनी हार घालून स्टेटसला ठेवलं असतं का? पण यंत्र कुठून आणलं, एवढंच ते सांगेनात. गावच्या पाहुण्याने दिलं म्हणाले, आणि पाहुण्याचं नाव विचारलं की गप्प. संशय धरायला आम्हाला तेवढं पुरे होतं. वरिष्ठांनी कुठल्या टोळीशी संबंध आहे का ते तपासायला सांगितलं.

गाठ सोडवली हवालदाराने. यंत्राच्या बुडाला पिवळ्या ऑइलपेंटची खूण होती. उल्हासनगरचे भंगारवाले आपापला लॉट ओळखायला अशी खूण करतात. तिसऱ्या गल्लीत म्हातारा सिंधी दुकानदार सापडला. कुठल्याशा मयत नेमबाजाच्या घरचा माल होता. "साईं, मेरे को क्या मालूम? मैं समझा नींबू निचोड़ने का है. वजन पे दे दिया." असं यंत्र त्याच्याकडे पुन्हा आलं नव्हतं, कुणी मागायलाही आलं नव्हतं. टोळीबिळी काही नव्हती. गृहस्थांना विचारलं तर म्हणाले, "म्हातारा माणूस, त्याला कशाला ओढायचं?"

तरी गुन्हा तो गुन्हाच. भरलेलं काडतूस होतं, यंत्र होतं, कबुली होती. शस्त्र अधिनियमाखाली दोषारोपपत्र गेलं. यंत्र आणि काडतुसाबरोबर बंदूकही लाखेचं सील लागून मुद्देमाल खोलीत गेली. तुरुंगाची भीती त्यांनी कधी बोलून दाखवली नाही. बंदूक परत मिळेल ना, एवढंच दर तारखेला विचारायचे.

पुढच्या खंडेनवमीला ठाण्यात आमची शस्त्रपूजा चालू होती. गृहस्थ कागदाच्या पुडीत झेंडू घेऊन आले.

"साहेब, माझी आत आहे. तिलाही एक फूल वाहा. आणि जमलं तर तेलाचा हात फिरवा, पावसात नळी गंजते."

सील तोडता येत नाही, असं मी सांगितलं. त्यांनी मान हलवली. ते फूल मी मुद्देमाल खोलीच्या कडीला अडकवलं. त्याहून जास्त माझ्या हातात काही नव्हतं.

लोक म्हणतात कायदा हेतू बघत नाही. बघतो, पण न्यायालयात, आणि तोवर बराच काळ गेलेला असतो. ठाण्यात आम्ही आधी वस्तू बघतो, बघावीच लागते. त्या कारवाईत मी चुकलो असं आजही वाटत नाही. वाईट मात्र वाटतं, आणि नियमाने वागल्यावरही वाईट वाटू शकतं, हे मला त्या प्रकरणाने शिकवलं.

न्यायालयाने त्यांना किरकोळ शिक्षेवर सोडलं. परवाना रद्द झाला, बंदूक सरकारजमा. सील उघडलं तेव्हा मी हजर होतो. नळी आतून तांबडी झाली होती.

परवा बेलवलीच्या भाजीबाजारात भेटले. बायकोची तब्येत, पाऊसपाणी, इकडचं तिकडचं बोलून झालं. निघताना थांबले आणि विचारलं, "साहेब, गंज धरला होता का?"

मी नाही म्हणालो.